मामांची विधानसभा: नोटिशीचं आधी बघा, पराभवाचं मग

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्यांचे मामा बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातले, तालुका पंचायतीचे माजी सदस्य. २०२३ च्या कर्नाटक विधानसभेला महाराष्ट्र एकीकरण समितीच्या (सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणारी संघटना) निवडीत नाव लागलं नाही म्हणून अपक्ष उभे राहिले. चौथ्या क्रमांकावर गेले, डिपॉझिट जप्त झालं. गावात पराभवाची तीन कारणं सांगतात: पैसा, मशीन आणि भाऊबंदकी. आता खर्चाच्या हिशेबाबद्दल निवडणूक आयोगाची नोटीस आली आहे, पण कन्नड-इंग्रजीत आहे म्हणून ती कपाटात पडून आहे. मामांना २०२८ ला पुन्हा उभं राहायचंय. कोर्टात जावं का, आणि मामांना काय सांगावं, असा प्रश्न आहे. सोबत बूथवार निकालाचा तक्ता आणि मामांचं प्रचारपत्रक पाठवलंय. दोन्ही नीट वाचलं.

सीमाभागात मतपत्रिकेच्या जमान्यापासून मी निवडणूक प्रतिनिधी म्हणून, मोजणीच्या टेबलावर आणि हिशेबाच्या वह्यांवर काम करत आलोय. समितीच्या उमेदवारांसाठी केलं, अपक्षांसाठीही केलं. त्या बळावर लिहितो.

सगळ्यात आधी ती नोटीस कपाटातून बाहेर काढा. तुम्ही ती शेवटी लिहिलीय, पण मामांच्या पुढच्या राजकारणाचा निकाल तिच्यावर आहे. हरलेल्या माणसाला वाटतं, आपण हरलो, डिपॉझिट गेलं, आता सरकारचं आपल्याशी काय काम? पण कायदा जिंकलेल्याला आणि हरलेल्याला एकच आहे. निकाल लागल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराला जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या डीसी ऑफिसात, खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. शून्य खर्च झाला असला तरी शून्याचा द्यायचा. २०२३ चा निकाल १३ मे रोजी लागला, त्या हिशेबाने जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुदत संपली. न देणाऱ्यांची यादी डीसी ऑफिसातून आयोगाकडे जाते आणि मग सावकाश, कधी कधी बऱ्याच काळाने, ही नोटीस येते.

नोटीस हातात पडल्यापासून २० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. उत्तर गेलं नाही, किंवा दिलेलं कारण आयोगाला पटलं नाही, तर आदेशाच्या तारखेपासून ३ वर्षं अपात्रता. ही ३ वर्षं निकालापासून धरत नाहीत, आदेशापासून धरतात. म्हणजे आदेश उशिरा निघाला तर मामांची अपात्रता बरोबर २०२८ च्या मे महिन्यावर येऊन बसू शकते. आणि विधानसभेला अपात्र ठरलेला माणूस पंचायतीलाही उभा राहू शकत नाही, ही तरतूद घटनेतच आहे. म्हणजे जिल्हा पंचायत, तालुका पंचायत, ग्रामपंचायत, सगळंच बंद.

त्यामुळे उद्याच्या उद्या हे करा. पाकिटावरचा टपालाचा शिक्का बघून नोटीस कधी मिळाली ती तारीख लिहून ठेवा. उमेदवारी भरताना मिळालेली हिशेबाची वही शोधा. तिचे तीन भाग असतात: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख, पिवळ्या पानांवर बँक. अपक्षाच्या घरी बहुतेक वेळा पांढरी पानं पहिल्या चार दिवसांची भरलेली असतात आणि पुढे कोरी. निवडणुकीसाठी उघडलेल्या वेगळ्या बँक खात्याचा उतारा काढा, मिळतील तेवढी बिलं गोळा करा, गोषवारा आणि शपथपत्र तयार करा, आणि उशिरा का होईना पण पूर्ण हिशेब उत्तराला जोडूनच द्या. नुसतं ‘मला माहीत नव्हतं’ असं पत्र पाठवू नका, ते कारण कुणी धरत नाही. त्या काळात आजारपण, घरात कुणाचं निधन, हिशेब बघणारा माणूस सोडून जाणं असं काही खरोखर घडलं असेल तर कागदासह मांडा. पोहोच घेताना आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागा. आणि उत्तर कन्नडमधून किंवा इंग्रजीतून तपासून देणारा वकील गाठा. मातृभाषेचा अभिमान आपल्या जागी आहे, पण न वाचता सही केलेला कागद आपल्याच अंगावर येतो.

कोर्टाचं दोन ओळींत उरकतो, कारण त्यात आता काही उरलेलं नाही. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल व्हावी लागते आणि ती मुदत वाढवून मिळत नाही. आणि मुदत असती तरी मी जाऊ नका असंच म्हणालो असतो. चौथ्या क्रमांकाच्या उमेदवाराने लाच, दडपण असे आरोप सिद्ध करायचे म्हणजे जवळपास फौजदारी खटल्याएवढा पुरावा उभा करायचा. तो कुणाकडे आहे?

मशीनचंही तसंच. मतदानाच्या दिवशी पहाटे, मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी, उमेदवारांच्या एजंटांसमोर किमान ५० मतांचं चाचणी मतदान होतं. संध्याकाळी यंत्र बंद करताना एकूण किती मतं पडली तो आकडा १७ सी या फॉर्मवर लिहून हजर असलेल्या एजंटांना प्रत देतात. मोजणीच्या टेबलावर आधी तो आकडा जुळवायचा, मग मतं मोजायची. शिवाय प्रत्येक विधानसभा क्षेत्रात चिठ्ठ्या काढून निवडलेल्या ५ बूथांवरच्या व्हीव्हीपॅटच्या कागदी चिठ्ठ्या मोजतात. मामांच्या बाजूने किती बूथांवर १७ सी ची प्रत घेतली, हे तुम्ही त्यांना विचारा. ती प्रत हातात नसेल तर मशीनवर संशय घ्यायलाही आपल्याकडे कागद नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने यंत्राची मेमरी तपासून घ्यायची सोय दिली, पण तीही दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारालाच.

आता पैसा. ही तक्रार मी खोटी म्हणणार नाही. ज्याने सीमाभागातली निवडणूक जवळून बघितलीय तो तसं म्हणूही शकत नाही. पण ‘पैशाने हरवलं’ म्हटलं की बोलणं तिथंच थांबतं, म्हणून जरा हिशेब मांडून बघा. मोठ्या राज्यांत विधानसभेची खर्चमर्यादा २०२२ च्या जानेवारीपासून ४० लाख आहे. मतदारसंघात अडीचशे बूथ धरले तर बूथमागे १६ हजार. त्यात गाड्या, पेट्रोल, पत्रकं, मांडव, खुर्च्या, एजंटांचा चहा-नाश्ता आणि मतदारांना वाटायच्या नाव-नंबराच्या चिठ्ठ्या आल्या. खुर्चीचा, भोंग्याचा, जीपगाडीचा दर निवडणूक विभागच ठरवून देतो आणि त्याच दराने तुमच्या नावावर खर्च धरतो. म्हणजे पूर्ण मर्यादेइतका कायदेशीर पैसा असला तरी तो बूथवर पोचेपर्यंत पातळच होतो. मामांनी त्यातला किती वाटा खर्च केला ते त्यांनाच ठाऊक. माझा मुद्दा एवढाच, की कमी पैसा असलेल्याने सगळीकडे थोडं-थोडं टाकलं तर ते कुठेच दिसत नाही. तुमच्या तक्त्यात नेमकं तेच झालंय.

या तक्त्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण पराभव तिथं लिहून ठेवलेला असतो. फॉर्म २० म्हणतात तो हा. डावीकडे बूथ नंबर, वर उमेदवारांची नावं, शेवटच्या रकान्यांत एकूण वैध मतं आणि नोटा. लोक शेवटची बेरीज बघतात आणि कागद बाजूला ठेवतात. मी तो एका बैठकीत रंगीत पेन्सिली घेऊन वाचतो. मामांच्या जुन्या तालुका पंचायत गटातल्या बूथांना हिरवा रंग केला. ज्या गावांत त्यांची सोयरीक, बहिणी, सासुरवाडी आहे असं तुम्ही लिहिलंय, त्यांना पिवळा. उरलेलं कोरंच ठेवलं.

हिरव्यात मामांना तीन आकडी मतं आहेत, दोन बूथांवर तर ते पहिले आहेत. भाऊबंदकीचा आरोप इथंच गळून पडतो. घरचं गाव त्यांच्यामागे उभं राहिलंय, भावकीने दगा दिलेला नाही. उगाच कुणाशी बोलणं टाकू नका. पिवळ्यात दोन आकडी मतं, म्हणजे सोयऱ्यांनी स्वतःची आणि शेजारच्या चार घरांची दिली, त्यापुढे त्यांचा शब्द चालला नाही. आणि कोऱ्यात, जे पानाचा तीन चतुर्थांश भाग आहे, तिथं ४, ७, २, ११ असे आकडे. काही ठिकाणी मामांपेक्षा नोटाला जास्त मतं आहेत. दोन आणि चार मतं पडणं म्हणजे त्या गावाने मामांना नाकारलं असं नव्हे. त्या गावाला मामा उभे आहेत हे कळलंच नव्हतं.

तालुका पंचायतीचा गट दहा-बारा हजार लोकवस्तीचा. तिथं माणूस घराण्याच्या नावाने ओळखला जातो, कुणाच्या बोअरला वीज जोडून दिली, कुणाच्या मयताला रात्रभर बसला, यावर मत पडतं. विधानसभा सव्वादोन-अडीच लाख मतदारांची. नदीपलीकडच्या गावात मामांच्या बोअरवेलची कुणाला काय माहिती असणार? तिथं चिन्ह लागतं, संघटना लागते, आणि बूथवर दिवसभर बसणारा आपला माणूस लागतो. या तिन्हींपैकी मामांकडे काय होतं, ते एकेक करून बघू.

चिन्ह. राष्ट्रीय पक्षांचं चिन्ह वर्षानुवर्षं भिंतीवर असतं. अपक्षाला ते मिळतं माघारीची मुदत संपल्यावर. २०२३ चं वेळापत्रक आठवा: अर्ज भरायची शेवटची तारीख २० एप्रिल, छाननी २१ ला, माघार २४ ला, मतदान १० मे. प्रचार ८ मेच्या संध्याकाळी बंद. म्हणजे चिन्ह हातात आल्यापासून दोन आठवडे. त्यात एक-दोन दिवस चिन्हाची पत्रकं छापून यायला. त्यातच लग्नसराई, गावोगावच्या यात्रा आणि आपल्याकडची परंपरेची शिवजयंतीही त्याच सुमारास. यंत्रावर नावांचा क्रमही ठरलेला: आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, अपक्ष सगळ्यांत शेवटी. म्हाताऱ्या आजीला ‘खालून तिसरं’ असं सांगावं लागतं, आणि ते सांगायला घराघरात माणूस जावा लागतो.

संघटना. इथं एक गैरसमज मला फार जुना दिसतो. समितीचं मत म्हणजे मराठी उमेदवाराच्या हक्काचं मत, असं धरून अनेकजण उभे राहतात. तसं मत आहे, ते मी नाकारत नाही. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीचे शुभम शेळके यांना लाखाच्या वर मतं पडली, आणि भाजपच्या मंगला अंगडी काँग्रेसच्या सतीश जारकीहोळींविरुद्ध फक्त पाच हजारांच्या आसपास फरकाने निवडून आल्या. २०२३ ला बेळगाव दक्षिणमध्ये समितीचे रमाकांत कोंडुसकर दुसऱ्या क्रमांकावर राहिले, भाजपच्या अभय पाटलांपेक्षा सुमारे बारा हजारांनी मागे. म्हणजे विहीर आटलेली नाही. पण हे मत एकाच नावामागे उभं राहिलं की दिसतं, दोघांत वाटलं की विरघळतं. २०१३ ला बेळगाव दक्षिणमधून समितीचे संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील निवडून गेले. २०१८ ला त्याच खानापुरात समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार उभे राहिले आणि जागा काँग्रेसच्या अंजली निंबाळकरांकडे गेली. हे सगळं मामांच्या डोळ्यांदेखत झालेलं आहे. तरी निवडीत नाव लागलं नाही म्हटल्यावर त्यांनी अर्ज भरला. त्या रागाचं मला नवल वाटत नाही. पण अधिकृत उमेदवार एक आणि आपला माणूस दुसरा असं झालं की गावची देवस्की पंच (देवस्थानाचा कारभार बघणारी) मंडळी दोघांनाही चहा पाजते, दोघांच्याही पुढ्यात मान डोलावते आणि मत तिसऱ्याला देऊन मोकळी होते.

शिवाय समोरचे पक्ष आता मराठी मतदाराशी मराठीतच बोलतात. बेळगावजवळच्या राजहंसगडावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचं उद्घाटन २०२३ च्या मार्चमध्ये दोनदा झालं, आधी तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मईंच्या हस्ते आणि चारच दिवसांत काँग्रेसकडून पुन्हा. निवडणूक दोन महिन्यांवर होती. त्याआधी २०२० मध्ये येडियुरप्पा सरकारने मराठा समाजासाठी महामंडळाची घोषणा केली होती. प्रचाराला महाराष्ट्रातून देवेंद्र फडणवीस आले ते भाजपच्या उमेदवारांसाठी. म्हणजे ‘मी मराठी, मला मत द्या’ एवढ्या भांडवलावर आता दुकान चालत नाही, कारण तोच माल समोरच्या दोन दुकानांत जास्त रोषणाई करून मांडलाय.

आणि बायकांची मतं. काँग्रेसने त्या निवडणुकीत घरोघरी गॅरंटी कार्डं वाटली, कुटुंबप्रमुख स्त्रीला महिन्याला २,००० रुपये, २०० युनिटपर्यंत वीज मोफत, बायकांना एसटी फुकट. मामांच्या सभा झाल्या रात्री साडेआठ-नऊला, देवळाच्या कट्ट्यावर, समोर पुरुष आणि पोरं. सीमाप्रश्न, बेळगाव कर्नाटकातच ठेवणारा महाजन अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला महाराष्ट्राचा दावा यावर भाषणं झाली असणार, आणि ती चांगलीच झाली असणार. त्याच वेळी घरात भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या देव्हाऱ्यामागे ते कार्ड खोचलेलं होतं. तिच्याशी मामांच्या बाजूने कोण बोललं? तुमच्या आईंनी, मामींनी किती गावांत हळदीकुंकू घेतलं? तुमच्या पत्रात बायकांचा उल्लेखच नाही, म्हणून विचारतो.

तिसरी गोष्ट बूथवरचा माणूस. मतदान सातला सुरू होतं, पण एजंटाने साडेपाचच्या आत पोचायला हवं, कारण चाचणी मतदान त्याच्यासमोर व्हायचं असतं. त्याच्या हातात रीतसर भरलेला नेमणुकीचा फॉर्म, उमेदवाराची किंवा निवडणूक प्रतिनिधीची सही, आणि त्या बूथची मतदारयादी. यादीवर तो टिका मारत जातो: कोण आलं, कोण गोव्यात आहे, कोण वारलं, कोण लग्न होऊन गेली. ही यादी मतदान संपेपर्यंत बूथबाहेर नेता येत नाही, म्हणून बाहेरच्या टेबलावर आपली वेगळी यादी ठेवायला पाहिजे, म्हणजे राहिलेल्यांना फोन करता येतो. हे टेबल २०२३ ला बूथपासून २०० मीटरच्या बाहेर लागायचं, २०२५ मध्ये आयोगाने ते अंतर १०० मीटर केलं; दोन खुर्च्या, एक छोटा फलक, बस. मोठ्या पक्षांचं हे काम घड्याळासारखं चालतं. अपक्षाचा एजंट, तोही असलाच तर, अकरा वाजेपर्यंत बसतो. उन्हाचा चटका, पोटात भूक. मग ज्या पक्षाकडून जेवणाचा डबा येतो, त्या पक्षाचा तो होऊन जातो. संध्याकाळी सहाला यंत्र बंद होताना तो नसतो, म्हणून १७ सी ची प्रत नसते, म्हणून बेळगावच्या आरपीडी कॉलेजात मोजणीला गेलेला आपला माणूस जाळीबाहेर नुसता उभा राहतो, पुढ्यात जुळवायला कागदच नाही.

पश्चिम पट्ट्यातल्या गावांचं आणखी एक आहे. तरणी पोरं गोव्यात, पुण्यात, कोल्हापूरच्या कारखान्यांत. यादीत नावं आहेत, गावात माणसं नाहीत. मोठे पक्ष त्यांना आणायला गाड्या पाठवतात. मतदारांना फुकट वाहन पुरवणं हा निवडणूक कायद्याने भ्रष्ट आचार आहे, म्हणून तुम्ही ते करू नका. पण आठ दिवस आधी फोन करून ‘सुट्टी टाक, मतदानाला ये, आपला मामा उभा आहे’ एवढं सांगायला कुणाची बंदी आहे? हिरव्या बूथांवर झालेलं मतदान आणि यादीतली एकूण नावं यांची वजाबाकी करा. मामांच्या गावातच किती मतं घरी आली नाहीत ते कळेल, आणि ती मतं कुणी पैसे देऊन फिरवलेली नव्हती.

डिपॉझिटबद्दल तुम्ही फार मनाला लावून घेतलंय, म्हणून सांगतो. विधानसभेला १० हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर जप्त. दीड लाख मतं झाली तर २५ हजारांच्या वर लागतात. बहुरंगी लढतीत तिसरा-चौथा उमेदवार तिथपर्यंत क्वचितच पोचतो. आणि आपल्या बेळगावला डिपॉझिट जप्तीची लाज वाटायचं कारण नाही: १९९६ च्या लोकसभेला सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून इथं एवढे अर्ज पडले की रिंगणात ४५६ उमेदवार होते. तेव्हा माणसं डिपॉझिट घालवायलाच उभी राहिली होती. त्यानंतर कायदा बदलून डिपॉझिटची रक्कम वाढवली गेली आणि अपक्षाला मतदारसंघातले दहा सूचक (अर्जावर सही करणारे मतदार) आणणं सक्तीचं झालं. मामांना जे दहा सूचक शोधावे लागले, त्याचं मूळ आपल्याच त्या आंदोलनात आहे. असो.

आता २०२८. उभं राहू नका असं मी सांगणार नाही. पण मधली पायरी बघा. जिल्हा आणि तालुका पंचायतींच्या निवडणुका २०१६ ला झाल्या, २०२१ ला मुदत संपली, आणि २०२३ ची विधानसभा आली तरी नव्या झाल्या नव्हत्या. दुसऱ्या फळीतल्या माणसांना दोन वर्षं ना खुर्ची ना निधी. लोकांच्या आठवणीतून जाऊ या भीतीने बरेचजण थेट विधानसभेत उतरले, मामा त्यांतलेच. त्यांच्यासाठी योग्य मैदान जिल्हा पंचायतीचं आहे. तो गट तालुका पंचायतीपेक्षा तीन-चार पट मोठा, हिरवं आणि पिवळं मिळून जवळपास त्यातच बसतं, आणि तिथं त्यांची जुनी ओळख उपयोगी पडते. तिथं निवडून आल्याशिवाय विधानसभेचा अर्ज भरला तर हाच तक्ता परत छापून येईल, फक्त वर्ष वेगळं.

समितीशी बोलणं सुरू ठेवा, आणि ते निवडणुकीच्या तोंडावर नको, आताच. नाव लागलं नाही तर अर्ज भरणार नाही, हे आधी लिहून द्यायची तयारी असेल तर निवड समितीत माणसाचं वजन वाढतं, असं मी पाहिलंय. मामांना हे पटायला वेळ लागेल. त्यांच्याशी तुम्ही एकटे बोलू नका, वयाने मोठं कुणीतरी सोबत घ्या. भाच्याने शिकवलेलं मामाच्या पचनी पडत नाही.

कोऱ्या गावांसाठी एक काम सांगतो. त्यांतली पंचवीस-तीस गावं निवडा, जिथं मराठी शाळा आहे. शाळेत पटसंख्या किती, शिक्षक किती कमी, ग्रामपंचायतीची नोटीस मराठीत लागते का, सात-बाराचा उतारा मिळवायला म्हातारा माणूस कितीदा खेपा घालतो, हे गावागावांत बसून लिहून काढा. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे प्रत्येक गावात असा एखादा सदस्य सापडतोच जो कुठल्याच पक्षाचा नाही आणि कामाचा आहे. त्याच्याकडे आधी जा. बूथवर दिवसभर बसणारा एजंट तोच देईल.

शेवटी ते पत्रक. कागद चांगला, फोटो चांगला, मजकूरही ओघवता. पण दोन गोष्टी अशा आहेत की मामा जिंकले असते तर समोरच्याने याच पत्रकावर याचिका ठोकली असती. एक, खाली छापखान्याचं नाव, प्रकाशकाचं नाव-पत्ता काहीच नाही. ते छापणं कायद्याने बंधनकारक आहे, मग पत्रक बेळगावात छापा नाहीतर कोल्हापुरातून छापून आणा. दुसरं, मधोमध ठळक अक्षरांत ‘मराठी माणसा, मराठी उमेदवारालाच मत दे’ असं आहे. धर्म, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावावर मत मागणं हा निवडणूक कायद्यात भ्रष्ट आचार आहे, आणि २०१७ च्या अभिराम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने त्याचा अर्थ आणखी विस्तारला: उमेदवाराचीच नव्हे, मतदाराची भाषा सांगून मत मागितलं तरी ते त्यात येतं. मात्र भाषेच्या रक्षणासाठी काम करीन, असं आश्वासन देणं यात येत नाही. ते सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच आजच्या हरियाणातल्या जगदेव सिंग सिद्धांती यांच्या खटल्यात सांगून ठेवलंय. तेव्हा पुढच्या पत्रकात ती ओळ काढा आणि तिथं लिहा, की मराठी शाळांना शिक्षक मिळावेत आणि सरकारी कागद मराठीत मिळावेत म्हणून विधानसभेत बोलीन. छापायला टाकायच्या आधी कच्ची प्रत वकिलाला दाखवा, आणि छापखान्याचं बिल त्याच दिवशी पांढऱ्या पानावर चढवा.